चौतीस अंश, माझ्या जबाबदारीवर

रामराव गुरुजींनी जुन्या जालन्यातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, छपराखाली, एक फळा लावला होता. निवृत्तीनंतर खडू हातात धरायला मिळेना, त्यावर हा इलाज. रोज संध्याकाळी ते लिहायचे, ‘उद्याचे कमाल तापमान ३४ अंश.’ भर पावसाळ्यात पावसाने दडी मारलेली, त्यामुळे रोज तेवढेच भरायचे आणि गुरुजींचा दबदबा वाढायचा. कापडवाले राधेश्यामशेठ तर माल बाहेर मांडायचा की नाही, हे फळा बघून ठरवत.

एकटा मेहुणा तेवढा खूश नव्हता. गावाकडून, धावड्याहून, त्याचा, म्हणजे भुजंगचा, रोज फोन यायचा.

"दाजी, पाण्याचं कसं? शेंगा भरायच्या टायमाला सोयाबीन माना टाकून राह्यलं."

"उद्या बी चौतीसच, भुजंगा." एवढे सांगून गुरुजी घाईने फोन ठेवत. भाकीत खरे ठरले की मेहुण्याचे रान सुकायचे, आणि दोन्ही त्यांना जिवापाड प्रिय होते.

एका संध्याकाळी तुळजाबाईंनी मोबाईल नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "अहो, ह्याच्यात तर उद्या पाऊस दाखवून राह्यलेत. पंचवीस म्हणतंय."

"त्याला जालना कुठंय ते तरी माहीत हाय का?"

"मंग गोधड्या भिजवू? महालक्ष्म्या तोंडावर आल्यात."

"बिलकुल भिजव! माझ्या जबाबदारीवर."

ही जबाबदारी भिंतीपलीकडून दैवशालाबाईंनी ऐकली. सणाआधी अंथरूण-पांघरूण सगळ्यांनाच धुवायचे होते, पण वाळायची खात्री कोण देणार? ती आता गुरुजींनी दिली होती. सकाळी अख्ख्या गल्लीने गोधड्या धुवायला काढल्या. गच्च्या भरल्या, मग या घरातून त्या घरात दोऱ्या बांधल्या. शेठनीही नव्या साड्या खुशाल बाहेर मांडल्या.

दुपारी आभाळ भरून आले आणि पाऊस असा कोसळला की विचारू नका. भिजलेली गोधडी दोघींना उचलेना. तेवढ्यात मोठी दोरी तुटली. गोधड्या साड्यांवर पडल्या आणि साड्या वाचवायला धावलेले शेठ गोधड्यांखाली गेले. फळ्यावरचे ३४ मात्र छपराखाली कोरडे ठणठणीत होते.

"गुरुजी, बाहेर या!" दारात गल्ली जमली.

"घरात न्हाईत म्हणून सांग," गुरुजी कुजबुजले.

"जबाबदारी तुमची व्हती ना? जा मंग."

गुरुजी छत्री घेऊन बाहेर आले. दैवशालाबाई कडाडल्या, "आज लेकरांनी पांघरायचं काय? तुमचा फळा?"

तेवढ्यात गुरुजींच्या खिशात फोन वाजला. घाबरून भलतेच बटण दाबले गेले आणि भुजंगचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. "दाजी! धो धो लागलाय! रान पाणी पिऊन राह्यलं! सोयाबीन वाचलं, दाजी!" तो चक्क रडत होता.

भांडायला आलेली गल्ली दोन पावले मागे सरली. प्रत्येकाचे कुठे ना कुठे पावसाची वाट बघणारे गाव होते. शेठनी डोक्यावरची गोधडी बाजूला केली आणि आभाळाकडे बघून हात जोडले. "लई उपकार झाले, देवा." मग दुकानात जाऊन कोरड्या चादरींचा गठ्ठाच घेऊन आले. "घ्या, घरोघर न्या. गोधड्या वाळल्यावर परत द्या."

गुरुजींचे डोळे भरून आले. चुकल्याचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. संध्याकाळी ते फळा उतरवायला गेले, तर दैवशालाबाईंनी त्यांच्या हातात खडू ठेवला.

"माझ्या भावाच्या गावाला आजून थेंब न्हाई, गुरुजी. उद्याचं लिहा."

"पण उद्या तर पाऊसच वाटतो."

"तुम्हाला वाटू द्या. आजच्यासारखं चुकू द्या, चौतीस लिहा."

गुरुजींनी मागे बघितले. तुळजाबाई तुटलेली दोरी पुन्हा बांधत होत्या. पायाशी बादलीत ओली गोधडी होती.

"छत्तीस लिहा," त्या म्हणाल्या. "माझ्या जबाबदारीवर."