आख्ख्या मजल्याचा गाईचा घास

"काका, तुमची गाय चावते का?"

सुलक्षणानं विचारलं आणि मागे जानकी-सुगंधा या मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. बसमध्ये पैजच लागली होती, फार्मवर जो पहिला माणूस भेटेल त्याला हे विचारायचं, तेही न हसता. गेल्या महिन्यात वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून सुलक्षणा कुणालाही काहीही विचारू शकत होती.

मढच्या त्या फार्मवरचा गुराखी धाकू हसला नाही. "चावत नाय," तो म्हणाला. "पण तिच्यासमोर पळू नको."

पण सुलक्षणाला गाईपासून लांब राहणं शक्यच नव्हतं. घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत पहिली चपाती रोज गाईसाठी बाजूला निघायची आणि गाय न मिळाल्यामुळे संध्याकाळी घरातलंच कुणीतरी ती खायचं. शाळेची सहल गाईंच्या फार्मवर जातेय, हे आईनं नळावर सांगितलं मात्र, आख्ख्या मजल्यानं गूळ-चपात्या आणून दिल्या. ज्याचा घास त्याचं नाव घेऊन भरवायचा, नाहीतर पुण्य पोचत नाही. शांताबाईंनी तर आज सकाळी निघताना तिचा हातच धरला होता. त्यांचा मुलगा शिवदास गिरणी बंद पडल्यापासून घरी बसून होता.

"माझ्या झिलाचा नाव घे हां गो चेडवा. उद्या दुपारी त्याका इंटरव्ह्यू आसा. इसारलंस तर माझ्याशी गाठ आसा."

शांताबाईंनी एकदा पाण्याचा टँकर नुसत्या तोंडानं परत पाठवला होता.

"भरव ना," जानकी म्हणाली. "बसमध्ये तर वाघाला पण भरवणार होतीस."

सुलक्षणानं खांद्यावरच्या पिशवीतून चपाती काढली. गाईनं मान वर केली. चित्रात गाय नेहमी बाजूनं काढतात. समोरून ती नुसती डोकं आणि शिंगंच असते, हे सुलक्षणाला तेव्हा कळलं. ती पळाली. गाय मागे. "मुलींनो, घाबरू नका, रांगेत या," म्हणत बाई सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढल्या.

"अगं थांब," धाकू ओरडला. "शूटिंगची गाय हाय ती. चपाती घेऊन हिरॉइन पळाली की मागं पळायचं, असं शिकवलंय तिला."

"मग तिला थांबवा ना."

"ती आधी थांबत नाय. हिरॉइन थांबते आधी."

हिरॉइन थांबली नाही, पेंढ्यात पाय अडकून पडली. गाय लगेच थांबली आणि शिकवल्याप्रमाणे तिनं सुलक्षणाच्या खांद्यावर मान ठेवली. मग खरखरीत जीभ कानावरून फिरली आणि पिशवीत शिरली. चपात्या एकेक करून जात होत्या आणि सुलक्षणा डोळे मिटून "आई गं, आई गं" करत होती.

परतताना बसमध्ये सुगंधा बराच वेळ विचार करत होती. "म्हणजे सगळं पुण्य तुझ्या आईला गेलं ना? तू दुसऱ्या कुणाचं नावच नाही घेतलंस."

"आणि शिवदासदादाचं काय?" सुलक्षणानं विचारलं.

"वाट लागली तुझी, यार."

शांताबाई जिन्यातच उभ्या होत्या. "घेतलंस मा नाव?"

शेकडो लोकांसमोर बोललेल्या सुलक्षणाची मान 'हो' म्हणून कशी हलली, तिचं तिलाच कळलं नाही. शांताबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "आता माका घोर नाय," त्या हळूच म्हणाल्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात बाबा चहा पीत होते. आई पाय लांब करून बसली होती. "दुपारपासून गुडघा अजिबात दुखत नाही बघ," ती खुशीत म्हणाली.

सुलक्षणानं ते ऐकलं. मग रिकामी पिशवी बाजूला सारून, स्पर्धेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी मी परत मढला जाणार. एकच चपाती, एकच नाव. बाबा, तुम्ही बरोबर यायचं आणि माझा हात घट्ट धरायचा. मी कितीही ओढला तरी सोडायचा नाही."