वाघमारेकाकांची मंडळी

आमच्या घणसोलीच्या सोसायटीतले वाघमारेकाका डब्याशी बोलतात. लाकडी डबा, आत अर्धवट शिजलेला भात, वर पातळ फडकं. तो डोंगरावर झाडाखाली पालापाचोळ्यात पुरून यायचा, चार-पाच दिवसांनी परत जायचं आणि दार वाजवावं तसं झाकणावर टकटक करून विचारायचं, "मंडळी, आलात का?"

मंडळी म्हणजे बुरशी. जंगलातली, पांढरी, मातीत जीव आणणारी. ती भातावर चढली की काका गुळात कालवून ठेवत आणि पाण्यातून इमारतीमागच्या बागेला घालत. बाग कसली, नुसता राडारोडा!

पण झाडाखाली भात म्हटल्यावर लोक काय समजणार? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाराला लिंबू-मिरची टांगली. वॉचमन सलाम लांबूनच ठोकायला लागला. शेवटी मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलंच, "भुतं पाळता का हो?"

"भुतं माती भुसभुशीत करत नाहीत," काका शांतपणे म्हणाले.

कुणीतरी जाऊन डबा बघून यावा असं ठरलं. मी शेजारीण, म्हणून माझं नाव निघालं.

डोंगर चढताना खालच्या रस्त्याचा आवाज हळूहळू विरला आणि मग एकदम थांबला. एकही पक्षी ओरडत नव्हता. काकांनी पाला सारला, टकटक केलं. "मंडळी, पाहुण्या आल्यात. नीट वागा."

झाकण उघडलं. भात दिसतच नव्हता. कापसासारखं पांढरं काहीतरी दाटलं होतं, आणि ते हलत होतं. मी मागे सरकले.

"काका, हे श्वास घेतंय!"

"आपलाच श्वास लागतोय त्यांना. जरा वास घ्या बरं."

"तुम्हीच घ्या ना!"

काकांनी नाकावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "मला येत नाही. केमिकलच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यात नाक गेलं. चांगली असली तर गोडसर वास येतो म्हणतात, बिघडली तर कुजका. माझी बायको, सुमन, वास घेऊन सांगायची. ती गेल्यावर दोन डबे अंदाजानं घातले. दोन्ही वेळा बागेतली मेथी जळाली."

मी भीत भीत वाकले. "गोडसर आहे, काका. आंबवलेल्या पिठासारखा."

त्यांनी झाकण लावलं, पण उठले नाहीत.

"अजून कशाकशाचा वास येतोय इथं?"

"म्हणजे?"

"कशाचाही. सांगा की."

मी त्यांच्याजवळ दगडावर बसले. "ओल्या पानांचा. खाली कुणीतरी सुकट भाजतंय, तिचा. आणि कुठलंतरी फूल आहे, नाव नाही माहीत."

काकांनी डोळे मिटले होते.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "एकेक."