भुलीतून उठलेलं गाव

काबदेश आजोबांचं पित्ताशय दुर्बिणीने काढायचं ठरलं, तेव्हा आमच्या अस्तानातल्या रुग्णालयात जुंपली ती भुलीच्या दोन डॉक्टरांत.

"म्हाताऱ्यांना शिरेतूनच भूल द्यावी," साल्तानत म्हणाली. "वायू दिला की उठल्यावर बरळतात."

"माझा एकही म्हातारा बरळलेला नाही," थोरले डॉक्टर मरात गुरगुरले. "तुझा उठला की बघू!"

आजोबांना दोन्ही सारखंच. त्यांना घोर वेगळाच होता. दुसऱ्या दिवशी घरी नातीचा दोर कापायचा होता. मूल चालायला लागलं की पायांना काळापांढरा दोर बांधतात, आणि जो तो कापेल त्याच्या वळणावर मूल जातं. आजोबा नसले तर कात्री त्यांचा मेहुणा सेरिक याच्या हाती जाणार होती. सेरिकने जन्मात चहाच्या पेल्याहून जड काही उचललं नव्हतं.

"उद्या सोडशील ना, पोरी?"

"डोकं ठिकाणावर असलं की लगेच!"

साल्तानतने शिरेतून भूल दिली. ऑपरेशन झकास झालं. आजोबांनी डोळे उघडताच तिने विचारलं, "आपण कुठल्या गावात आहोत?"

"त्सेलिनोग्रादमध्ये," आजोबा ठणठणीत आवाजात म्हणाले.

साल्तानतचा चेहरा उतरला. अस्तानाचं ते जुनं नाव तर ती शाळेत जायच्या आधीच पुसलं गेलं होतं. मरात मिशीतल्या मिशीत हसले. "घ्या! शिरेतून भूल म्हणे."

साल्तानतने घाईने बाहेर बसलेल्या आजींना आत बोलावलं.

"काय चुकलं त्यांचं?" आजी फणकारल्या. "त्सेलिनोग्रादच की! मग लग्न होऊन मी उतरले कुठे? स्टेशनवर गुडघाभर बर्फ, आणि हे मला आपल्या ओव्हरकोटात गुंडाळून चालत निघाले. थंडीने दात वाजत होते, पण गात होते हो!"

"आजींना कुठली भूल दिली होती?" मरातनी विचारलं.

"आजोबा, आताचं नाव सांगा," साल्तानत काकुळतीला आली. "आठवत नाही का?"

"आठवतंय गं. पण मी टक्क जागा असताना या गावाचं नाव चारपाचदा बदललं. आज तर तुम्ही मला झोपवलं होतं. तेवढ्यात पुन्हा बदललं नसेल कशावरून?"

"उद्या घरी नाही," मरातनी निकाल दिला.

आजोबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग सेरिक कापणार. पोर जन्मभर लोळत राहील हो!"

एवढ्यात मरातचा फोन वाजला. घरून बायको होती. "निघालोच गं," ते म्हणाले. "लेनिन रस्त्याच्या कोपऱ्यावर थांब, पावाच्या दुकानापाशी."

त्या रस्त्याचं नाव केव्हाच बदललं होतं, आणि दुकानाच्या जागी बँक उभी होती.

"पोरी," आजोबा हळूच म्हणाले, "यांनी आपलाच वायू हुंगलेला दिसतोय. यांनाही रात्रभर ठेवून घे."

मरात लाजले, मग खो खो हसले. "काय पाव मिळायचा तिथे!"

"घरी पोचेपर्यंत अर्धा संपायचा," आजी म्हणाल्या.

"सोडा यांना उद्या," मरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी एका हाताने पोट धरून दोर कापला. नात मोकळी झाली, तुरुतुरु निघाली, आणि थेट सेरिकच्या मांडीवर जाऊन आडवी झाली.

"दमली असेल," आजोबा म्हणाले.