शिबिराचं आमंत्रण

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या पाइप कारखान्यातले कामगार कल्याण अधिकारी जयवंतराव यांचा, मुलीच्या वाढदिवसापासून, एका मोबाइल ॲपवर भारी जीव जडला होता. आमंत्रण जातं, कोण येणार ते कळतं, जेवायला काय हवं तेही पाहुणे स्वतःच भरतात. म्हणून शनिवारच्या आरोग्य तपासणी शिबिराचं आमंत्रणही त्यांनी तिथूनच धाडलं. ‘जेवणात काय आवडेल?’ हा प्रश्न तेवढा काढला आणि त्या जागी लिहिलं, ‘तुम्हाला त्रास कसला?’ सिल्वासाहून येणाऱ्या डॉक्टरांना आधी कल्पना असलेली बरी!

“उत्तर फक्त डॉक्टर बघणार, बिनधास्त लिहा,” असं ते प्रत्येक खात्यात जाऊन सांगून आले. वाढदिवसाला कोण श्रीखंड खाणार हे सगळ्याच पाहुण्यांना दिसत होतं, हे त्यांच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

दुपारी फोर्कलिफ्ट चालवणारा सुकदेव केबिनमध्ये घुसला. पोरगा नंदुरबारकडचा, कामाला वाघ आणि बोलायला मुका. आज मात्र त्याचा आवाज चढला होता.

“साहेब, तुमीच बोलले होते ना, डॉक्टरशिवाय कोणाले कळणार नाही?”

“हो. मग?”

त्याने मोबाइल पुढे धरला. रंगीत फुग्यांखाली झळकत होतं: ‘सुकदेव येणार! मूळव्याध.’

“पूरी कंपनी वाचून राहिली! कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या नवनाथनी मले बिनमिरचीची भाजी वाढली, सगळ्यांसमोर. आन् भगवंतदादांनीबी पाहिलं असंल.”

फोरमन भगवंतदादांच्या मुलीसाठी, कावेरीसाठी, सुकदेवचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. रविवारी दादा होकार देणार होते.

“थांब, आत्ता पुसतो,” म्हणत त्यांनी सुकदेवच्या उत्तराच्या जागी घाईघाईने ‘आता काही त्रास नाही’ असं घातलं. ॲपने ते तत्परतेने सगळ्या कारखान्याला कळवलं: ‘सुकदेवने उत्तर बदललं! आता काही त्रास नाही.’ वर फुगे होतेच.

संध्याकाळपर्यंत फोर्कलिफ्टभोवती माणसं घुटमळू लागली. “सुकदेवभाऊ, कोणतं औषध घेतलं रे? एका दुपारीत फरक?” प्रत्येक जण एकटा येत होता, हळू बोलत होता, आणि चुलतभावासाठी विचारत होता. शेवटी जयवंतरावांनी आख्खा कार्यक्रमच ॲपवरून उडवला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शनिवारी डॉक्टर आले. आदल्या दिवशी सगळ्यांची उत्तरं जगजाहीर झालेली, त्यामुळे आता कोणाला काहीच होत नव्हतं.

“जयवंतराव, तुमचा कारखाना ठणठणीत आहे. मला कशाला बोलावलंत?” डॉक्टर वैतागले.

सगळ्यात शेवटी भगवंतदादा आत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. सुकदेव भिंतीला टेकून खाली मान घालून उभा होता. त्या पोराकडे बघून जयवंतरावांना स्वतःची लाज वाटली. दार उघडताच ते पुढे झाले.

“दादा, चूक माझी आहे. त्याला नावं ठेवू नका.”

“साहेब, तुमच्या त्या ॲपवर मी काय लिहिलं होतं?”

“काही त्रास नाही.”

“बस्स. तेच राहू द्या.”

दादांनी इकडेतिकडे पाहिलं, औषधाची चिठ्ठी खिशात खोल सारली आणि सुकदेवजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, “उद्या जेवायलेच ये. आमच्या घरी भाजीत मिरची राहत नाही. आठ वरीस झाले.”