भाऊच्या धक्क्यावरची मिठी

"ह्या खेपेक नमस्कार घालू नकात," कमलाबाईंनी चौथ्यांदा बजावलं. "दादाक नीट पोटाशी धरा. नायतर तो तसोच उलट्या बोटीन परत जायत."

सीताराम परब मान खाली घालून टोपी झटकत राहिला. लग्नात आनंदानं, म्हणजे कमलाबाईंच्या भावानं, नवऱ्यामुलाला मिठी मारायला दोन्ही हात पसरले होते. सीतारामनं त्या पसरलेल्या हातांसमोर वाकून नमस्कार केला. तेव्हापासून आनंदा रुसला होता आणि बहिणीच्या दारात आला नव्हता. सीतारामचा नाइलाज होता. परबांच्या घरात कुणी कुणाला मिठी मारल्याचं त्याला आठवत नव्हतं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बारा वर्षं काढलेला माणूस, पण मिठीत हात नेमके कुठे ठेवतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ओळखू कसा? लग्नात वाकलो तेव्हा नुसते पायच दिसले."

"काळी टोपी, आणि हातात फणस."

मे महिन्यात कोकणच्या बोटीतून उतरणाऱ्या निम्म्या लोकांच्या हातात फणस असतो, हे धक्क्यावर उभं राहिल्यावर सीतारामच्या लक्षात आलं. काळी टोपी, फणस आणि गोंधळलेला चेहरा असा एक गृहस्थ समोर येताच त्यानं फणस बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि त्याला कवळलं.

गृहस्थ क्षणभर ताठ उभा राहिला. मग त्यानं सीतारामच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदका दिला. एवढा राग एका मिठीत विरघळेल असं सीतारामला वाटलं नव्हतं. हुरूप येऊन त्यानं फणस खांद्यावर घेतला आणि ट्राममध्ये लालबाग येईपर्यंत तो एकटाच बोलत राहिला. पाहुणा नुसता "हो, हो" म्हणत होता.

कमलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या.

"हो कोण?"

"कोण म्हणजे? तुझा भाऊ."

"माझो भाव माका ठाऊक नाय?"

पाहुण्यानं टोपी काढली. "मी बाबुराव. करी रोडला भाच्याकडे आलोय. तो न्यायला आला नाही."

"अहो, मग धक्क्यावर बोलायचं ना," सीताराम म्हणाला.

"बोलणारच होतो. पण तुम्ही असं पोटाशी धरलंत. बायको गेल्यापासून मला कुणी हात लावून विचारलं नव्हतं. म्हटलं, जरा वेळ जाऊ दे, मग सांगू. तेवढ्यात ट्राम आली."

कमलाबाईंनी तांब्या पुढे केला. तेवढ्यात जिना दणदणवत वर आला तो खरा आनंदा, काखेत फणस आणि चेहरा लाल.

"मी मागेच उभा होतो, भावोजी," तो गॅलरीतूनच म्हणाला. "परक्याला मिठी मारलीत. माझं सामान मी उचललं."

आता समजावत बसलो तर हा बोटीवर जाणार, एवढंच सीतारामला कळलं. त्यानं पुढे होऊन आनंदाला कवळलं. फणस मध्येच राहिला.

"भावोजी, टोचतंय," आनंदा कण्हला, पण त्यानंही सोडलं नाही. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. थोडं फणसाचं असेल. ते पाहून बाबुरावांना पुन्हा भरून आलं. कठड्याशी येऊन ते मोठ्यानं म्हणाले, "मिळाला हो, एकदाचा मिळाला."

खाली नळावर सुंदराबाई होत्या. त्यांनी वर पाहिलं. ज्या सीतारामनं कधी कुणाच्या पाठीवर हात ठेवला नाही, तो भर दुपारी गॅलरीत पुरुषाच्या गळ्यात पडून रडत होता आणि शेजारी कुणीतरी मिळाला म्हणत होतं. त्या दिवसांत लालबागमध्ये मिळायचं राहिलेलं एकच होतं.

"संयुक्त महाराष्ट्र मिळाला," म्हणत त्यांनी हंडा टाकला.

चाळ बाहेर आली. रात्रपाळीची माणसं झोपेतून उठून आली. कुणीतरी गणपतीचा ढोल काढला. मोरीच्या पाण्यावरून वर्षभर अबोला धरलेले बुधाजी आणि रमाकांत एकमेकांच्या गळ्यात पडले. सुंदराबाईंनी समोर दिसेल त्या बाईला मिठी मारली. ती त्यांची सून कांता निघाली. दिवाळीपासून दोघींच्या चुली वेगळ्या होत्या.

ढोलवाला दमल्यावर रमाकांतनं विचारलं, "रेडिओवर सांगितलं काय?"

बुधाजीनं सुंदराबाईंकडे बोट केलं. सुंदराबाईंनी वर गॅलरीकडे केलं.

सीतारामनं कठड्यावरून वाकून पाहिलं. सगळी चाळ त्याच्याकडे बघत होती. "माझा मेहुणा आलाय," तो म्हणाला. "गावाहून."

बुधाजीनं रमाकांतच्या खांद्यावरचा हात काढावा की ठेवावा याचा विचार केला आणि तो ठेवला. सुंदराबाईंचे हात मात्र ढिले पडले. त्या सुनेला सोडून मागे सरू लागल्या.

कांतानं सोडलं नाही.

"असू द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "आज ना उद्या मिळणारच आहे की."