सखातात्यांचा अंगठा

ज्यांच्यामुळे मी इंजिनिअर झालो त्यांचं नाव सखाराम तात्या. आणि ज्यांच्यामुळे मी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात दोनदा नापास झालो, त्यांचंही नाव सखाराम तात्याच. या दोन गोष्टींचा मेळ मला बरेच दिवस घालता आला नाही.

तात्या आमचे नात्याने कोणी नाहीत. बेल्ह्याच्या अलीकडे आमची वस्ती आहे, तिथलं शेजारचं घर त्यांचं. धंदा पाइपलाइन फिटिंगचा. विहिरीपासून शेतापर्यंत पाइप गाडायचे, जोडायचे, फुटले की नेमके कुठे फुटले ते शोधायचे. त्यांना एक सवय होती. वाहतं पाणी दिसलं की पाइपच्या तोंडाला उजव्या हाताचा अंगठा लावायचा. अर्धं तोंड दाबायचं, डोळे मिटायचे, मान जरा तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. "प्रेशर हाय." नाहीतर, "प्रेशर न्हाई." कोणी कारण विचारलं तर म्हणायचे, "मला काय इचारतो? मी पान्याला इचारलं."

पुतणीच्या लग्नात हात धुवायच्या नळाला त्यांनी असाच अंगठा लावला आणि फवारा थेट नवरदेवाच्या मामांच्या फेट्यावर गेला. मामा भडकले. तात्या शांतपणे म्हणाले, "पावणं, राग मानू नका, पर तुमच्या टाकीला हाइट न्हाई."

नारायणगावच्या दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं होतं, तर तिथंही नळी चिमटीत धरून डोळे मिटून बसले. नर्स ओरडली, "आजोबा, नळी सोडा!" हे म्हणतात, "बाई, बाटली वर टांगा. हाइट न्हाई." तिने कटकट नको म्हणून बाटली वर टांगली आणि सलाइन नीट चालू झालं. त्यानंतर दोन दिवस ती प्रत्येक बाटली तात्यांना विचारून टांगत होती.

वस्तीवरचे लोक त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. तात्या सातवी शिकलेले, रोज वर्तमानपत्र वाचणारे. पण चिडायचे नाहीत. "सही काय, कुनीबी करतंय," म्हणायचे. "अंगठ्याला अक्कल लागती."

माझी बारावी झाली तेव्हा आमच्या घरात पुढे शिकलेलं कोणी नव्हतं. वडिलांच्या मनात मला शेतीतच ठेवायचं होतं. तात्या न बोलावता आमच्या ओट्यावर येऊन बसले. "पाइप फुटला की समदे पळत्यात. ह्यो तितंच हुबा ऱ्हातो अन् का फुटला म्हून इचारतो. ह्याला शिकवा." एवढंच बोलले. प्रवेशाला पुण्यालाही तेच बरोबर आले. प्राचार्यांच्या खोलीबाहेर थंड पाण्याचं मशीन होतं. पुढचं सांगायला नको. भिजलेली फाइल झटकत प्राचार्यांनी विचारलं, "हे तुमचे कोण?" मी गोंधळून म्हणालो, "शेजारी." तात्या म्हणाले, "सायेब, वरची टाकी एकदा बघून घ्या."

दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स आलं, म्हणजे वाहत्या पाण्याचं शास्त्र. मला वाटलं, हा तर घरचाच विषय. पेपरात प्रश्न होता: आडव्या नळीतून पाणी वाहताना नळी मध्येच अरुंद झाली, तर तिथे दाबाचं काय होतं? मी ठामपणे लिहिलं, वाढतो. पुरावा म्हणून अंगठ्याची आकृतीही काढली. पुढची गणितं त्याच समजुतीवर सोडवली, ती सगळी उलटी आली.

दुसऱ्या वेळी मी सूत्र पाठ करून गेलो. अरुंद जागी वेग वाढतो, दाब कमी होतो. तसं लिहिलंही. मग डोळ्यांसमोर अंगठा आला. अंगठ्याला तर दाब जास्त लागतो, तो काय खोटा? मी बरोबर उत्तर खोडलं आणि चूक उत्तर लिहिलं.

तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर वर्ष जाणार होतं. सुट्टीत घरी आलो तेव्हा तात्यांना सूत्र सांगितलं.

"कमी?" तात्या म्हणाले.

"कमी."

"कोन म्हनतं?"

"पुस्तक."

"ज्यानं लिवलं त्यानं कधी खांद्यावर पाइप घेतला व्हता का?"

"तात्या, दोनदा नापास झालोय मी. तुमचं ऐकून."

असं बोलायचं नव्हतं मला. तात्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेले. तीन दिवस त्यांच्या घरामागून पाइप कापल्याचा आवाज येत होता.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. घरामागे त्यांनी टाकीपासून एक आडवा पाइप टाकला होता. तीन इंची, मध्ये हातभर दोन इंची, पुढे पुन्हा तीन इंची. टोकाला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा. जाड भागावर एक आणि बारीक भागावर एक, अशा दोन पारदर्शक नळ्या उभ्या लावल्या होत्या. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसल्या. जिथे दाब जास्त, तिथल्या नळीत पाणी उंच चढणार. पुस्तकात हीच आकृती होती. तात्यांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी टाकीचा व्हॉल्व्ह सोडला. पाणी चढलं. बारीक भागावरच्या नळीत ते चार बोटं खाली थांबलं.

तात्यांनी नळीला टिचकी मारली. पाणी खालीच. फुंकर मारून बुडबुडा काढला. खालीच. नळ्यांची अदलाबदल केली. तरी बारीक भागावर पाणी खालीच.

"दत्ता," ते म्हणाले, "पानी खोटं बोलत न्हाई."

बांधावर शेजारचे उत्तमभाऊ आणि वस्तीवरचे चार-पाच जण उभे होते. "म्हंजे तात्या, चाळीस वर्सं अंगठा खोटं बोलत व्हता व्हय?" लोक हसले. तात्याही हसले. अंगठा धोतराला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. "लिव पेपरात," मला म्हणाले. "कमी हुतो."

मी पास झालो. पेढे घेऊन गावी गेलो, तेव्हा उत्तमभाऊंची नवी लाइन चालू होत होती. "तात्या, लावा अंगठा," ते सवयीने म्हणाले. तात्यांनी हात कोपरीच्या खिशात घातला. "मीटर आना येखादा. आमचं काय खरं न्हाई." पुढे हे असंच चालू राहिलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही. घरी माणूस यायचं ते अंगठ्यासाठी. हळूहळू तेही येईना.

आणि माझ्या डोक्यातला गोंधळ तसाच. सूत्र खरं, नळ्या खऱ्या, मग अंगठ्याला लागतं ते काय? कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, "परीक्षेला येत नाही." मी तो विषय तिथेच सोडला. याची मला आजही लाज वाटते.

सध्या मी घाटघरच्या बाजूला नळपाणी योजनेच्या कामावर आहे. मागच्या आठवड्यात नव्या लाइनची तपासणी होती. पाइपच्या तोंडाच्या वीतभर मागे दाब मोजायचा गेज बसवला होता. त्या दिवशी जे पाहिलं ते तात्यांना कळवायलाच हवं होतं. पण इथे रेंज नाही, आणि पंपांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तात्यांना फोनवर ऐकू येत नाही. ते म्हणतात, फोनला प्रेशर न्हाई. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

"ती. तात्यांस नमस्कार.

पत्र सावकाश वाचा आणि उत्तमभाऊंना मोठ्याने वाचून दाखवा.

काल इथल्या पाइपच्या तोंडाला मी अंगठा लावला. अर्धं तोंड दाबलं. तोंडाच्या मागे गेज होता, त्याचा काटा वर चढला. पुन्हा लावला, पुन्हा चढला. पाचदा करून पाहिलं.

तात्या, आपल्या नळ्यांनी दाखवलं तेही खरं. पाणी वाहत असताना पाइप मध्येच बारीक असेल, तर त्या बारीक जागी दाब कमीच. पण तुम्ही कधी पाइपच्या मध्ये अंगठा लावला नाही, तोंडाला लावला. तोंड दाबलं की मागचं पाणी मंदावतं. लांबलचक पाइपात घासून जाणारा दाब वाचतो आणि तुमच्या अंगठ्यामागे येऊन उभा राहतो. तुम्हाला तोच लागत होता. आपण दोन गोष्टींना एकच शब्द वापरत होतो, प्रेशर. त्यात मी दोनदा नापास झालो आणि तुम्ही उगाच एकदा.

हे मला तेव्हाच शोधायला हवं होतं. माझा पेपर सुटला आणि मी तुमचा तसाच सोडून दिला.

रविवारी येतो. उत्तमभाऊंची लाइन चालू ठेवायला सांगा. हात खिशातून काढा.

आणखी एक. काटा बघायचं सोडून मी आधी डोळेच मिटले होते. सोबतचे लोक हसले. मी त्यांना म्हणालो, पाण्याला विचारतोय.

तुमचा,
दत्ता"