निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या

रविवारी संध्याकाळी दादाने आणलेलं कलिंगड फ्रिजमध्ये मावत नव्हतं, आणि ते मावलंच पाहिजे असा त्याचा हट्ट होता. दादा गाडी चालवायला शिकवायचा. आठवडाभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी कुठेतरी आपलंच खरं करायचं असतं. त्याने खालचा कप्पा रिकामा केला, कलिंगड आत ढकललं आणि बाहेर काढलेल्या वस्तू जागा मिळेल तिथे पुन्हा कोंबल्या. त्यांत निळ्या झाकणाच्या दोन बाटल्या होत्या. दोन्हींत पिवळट, गढूळसं पाणी. त्या त्याने वरच्या कप्प्यात एकामागे एक उभ्या केल्या आणि "या घरात फ्रिज कसा लावायचा, कुणाला कळतच नाही," असं पुटपुटत तो बाहेरच्या खोलीत गेला.

ते कळणारी एकच बाई या घरात होती, आई. उन्हाळा सुरू होता होता ती गेली.

बाटल्यांपैकी एक त्याच्या बहिणीची, धाकटीची होती. ती प्रयोगशाळेत समुद्रातल्या जिवाणूंवर काम करत असे. हे जिवाणू काजव्यासारखे चमकतात, पण एकटे असताना नाही. प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडत राहतो. गर्दी वाढली की पाण्यातलं रसायनही वाढतं, त्यावरून सगळ्यांना कळतं की आपण आता पुरेसे झालो, आणि मग सगळे एकदम उजळतात. प्रयोगशाळेचं वातानुकूलन नेमकं शनिवारी बंद पडलं. सोमवारी पाहुण्यांची समिती येणार होती. काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे तीच ठरवणार होती. उकाड्याने जिवाणू मरू नयेत म्हणून धाकटी बाटली घरी घेऊन आली.

दुसरी बाटली आईची होती. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची झाकणं कशी घट्ट बसतात हे आईने एकदा पाहिलं, आणि धाकटीच्या मागे लागून तिने तशा कोऱ्या बाटल्या मागवून घेतल्या. त्यांत ती भाज्यांचं सूप भरून फ्रीझरमध्ये ठेवायची. तिच्या मागे एकच बाटली उरली होती. बाबा तिला कुणाला हात लावू देत नव्हते; स्वतःही लावत नव्हते. पण सोमवारी आईचा वाढदिवस होता. रविवारी सकाळी त्यांनी ती बाटली फ्रीझरमधून काढली आणि हळूहळू विरघळावी म्हणून खालच्या कप्प्यात ठेवली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

वाढदिवस दादालाही आठवत होता. कलिंगड आईच्या आवडीचं, म्हणून तर त्याने आणलं होतं. पण "गाडी दुरुस्तीला टाकलीय, आज इथेच राहतो," एवढंच तो म्हणाला. धाकटीलाही आठवत होता. ती म्हणाली, "उद्या मला लवकर निघायचंय." बाबा म्हणाले, "बरं." आणि तिघांनी आपापल्या खोलीचं दार लावून घेतलं.

धाकटीने आपल्या बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'जिवंत जिवाणू. हात लावू नये.' ओलाव्याने ती पट्टी सुटली आणि कलिंगडाच्या पोटाला जाऊन चिकटली. सोमवारी सकाळी घाईघाईत धाकटीला वरच्या कप्प्यात समोरच निळं झाकण दिसलं. तिने पट्टी न पाहताच बाटली उचलली आणि निघाली. मागे आणखी एक निळं झाकण असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दुपारी प्रयोगशाळेत पडदे ओढले गेले. विभागप्रमुख बाई शिस्तीच्या. अंधारातही त्यांची मान ताठ असल्याचं जाणवत होतं. धाकटीने सकाळीच नाकातोंडाला मास्क लावून, निर्जंतुक नळीने बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या चंबूत घेऊन, त्यात खाद्य घालून ते हलत्या यंत्रावर ठेवलं होतं. आता चंबू टेबलावर होता.

"आता दिवा बंद करते," धाकटी म्हणाली. "डोळे सरावले की निळसर उजेड दिसेल."

दिवा बंद झाला. सगळ्यांचे डोळे सरावले. एकमेकांच्या चष्म्यांच्या कडासुद्धा दिसू लागल्या. चंबू मात्र ठार काळा.

"थोडं हलवून पाहा," प्रमुख बाई म्हणाल्या.

धाकटीने हलवलं.

"अजून पुरेसे जमले नसतील," समितीतले एक म्हातारे सदस्य समजूतदारपणे म्हणाले. "आमच्या बैठकांनाही असंच होतं."

कुणीतरी हसलं. धाकटीने बाटली जवळ ओढली. तिने बाटलीचं झाकण उघडलं. समुद्राच्या खाऱ्या, माशाळ वासाऐवजी मिरी आणि कोथिंबिरीच्या देठांचा वास आला. घर शिजत असल्याचा वास. ती बाटली नाकाशी धरून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. दादा. तिने कट केला. पुन्हा थरथरला.

"घ्या, घ्या," म्हातारे सदस्य म्हणाले. "नाहीतरी अंधारातच आहोत."

"धाकटे!" दादाचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "कलिंगडात जिवाणू आहेत का गं? त्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय! मी अर्धं खाल्लं!"

"दादा, कलिंगडाला काही झालेलं नाही. बाबा कुठायत?"

"स्वयंपाकघरात. सूप पितायत."

"कसलं सूप?"

"आईचं. एकटेच बसलेत, म्हणून मी आत गेलो नाही."

धाकटी टेबलाला धरून खाली बसली. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. अंधारात तिच्या रडण्याचा आवाज येऊ लागला तेव्हा प्रमुख बाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय त्यात? मूळ वाण आपल्याकडे जपून ठेवलेलं आहे. पुन्हा वाढवू."

"हे पुन्हा नाही वाढवता येणार," धाकटी बाटली छातीशी धरून म्हणाली. "हे माझ्या आईने केलेलं सूप आहे."

मग म्हाताऱ्या सदस्यांनी विचारलं, "कधी गेल्या?"

तिने सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही पुढच्या महिन्यात येऊ. तुम्ही आधी घरी जा."

धाकटी उठली आणि थबकली. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात जाता कामा नये, हा नियम ती स्वतः दर वर्षी नव्या मुलांना घोकून घेत असे. "बाई, ही बाटली मी..."

"अजून दिवा बंद आहे ना?" प्रमुख बाई म्हणाल्या. "मग मी काही पाहिलेलं नाही. घरी चांगली उकळ मात्र."

घरी वेगळाच गोंधळ माजला होता. दादाने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना वर आणलं होतं. धाकटीने वाटेत फोनवर सगळं सांगितल्यापासून त्याचा धीर सुटला होता. बाबांना मात्र त्याने एवढंच सांगितलं होतं, की सुपात जिवाणू गेलेत.

"उकळलं होतं का?" डॉक्टर विचारत होते.

"खळखळून," बाबा म्हणाले.

"मग काळजी नको. मेलेत ते. पाणी भरपूर प्या, उलटी-जुलाब झाले तर मला बोलवा."

डॉक्टर गेले. तरी दादाचं समाधान झालं नाही. "बाबा, जरा न्हाणीघरात चला. दिवा घालवतो. तोंड उघडून दाखवा."

"कशाला?"

"पोटात चमकत असले तर?"

"इतक्या वर्षांत तू नाही कधी उजेड पाडलास," बाबा म्हणाले, "ते काय पाडणार!" जन्मभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासलेल्या बाबांचा स्वतःचा चष्मा कपाळावर होता. तो कित्येक दिवस तिथेच असायचा.

धाकटी त्यांच्यासमोर बसली. "बाबा, वास नाही आला तुम्हाला?"

"आला. मासळीसारखा."

"आणि चव?"

"खारट. इतकं खारट की घशाखाली उतरेना."

"मग टाकून का नाही दिलंत?"

बाबांनी टेबलावरचा रिकामा वाडगा फिरवला. "मला वाटलं, शेवटी शेवटी तिला चवच कळेनाशी झाली असेल. एवढी आजारी होती, तरी उभी राहून करत होती. आणि आपल्याला ते कळलंसुद्धा नाही." त्यांनी वाडगा पुन्हा फिरवला. "आता तिच्या हातचं शेवटचं कसं टाकायचं? संपवलं सगळं. वाडगाही पुसून घेतला."

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाबा," धाकटी म्हणाली, "ते आईने केलेलं नव्हतंच. तिचं हे आहे." तिने पिशवीतून बाटली काढली.

बाबा बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा पाहिलं. "म्हणजे ते खारट तिने नव्हतं केलं?"

"नाही."

"तिला चव कळत होती?"

"कळत होती, बाबा."

बाबांनी मान हलवली, आणि बराच वेळ हलवतच राहिले.

धाकटीने सूप पातेल्यात ओतलं आणि बाईंनी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ उकळलं. जेमतेम एक वाडगाभर उरलं. तिने ते बाबांसमोर ठेवलं. त्यांनी वाडगा बाजूला सारला. "तुम्ही घ्या दोघं. माझं झालंय. आता कोट्यवधी जीव आहेत पोटात, जागा नाही."

"आज तिचा वाढदिवस," दादा हळूच म्हणाला.

"माहितीये," धाकटी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

दादाने वाडगा उचलला. एक घोट घेतला, डोळे मिटले आणि तो तसाच बसून राहिला.

"मीठ कसं आहे?" बाबांनी विचारलं.

दादाने नाक पुसलं. "अजिबात नाही. नुसतं पाणी."

"नक्की?"

"बाबा, शपथ. मीठ टाकायला विसरलीय ती."

"विसरली नाही. कधी टाकलंच नाही तिने," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात लांब करून दादाच्या हातातला वाडगा काढून घेतला. "आण इकडे."